गावमा पानी कथाईन येस?

[दृश्य: धुळे. शनिवारची रात्र. गच्चीवर चटई, मधोमध पेनने काढलेला नकाशा. वीस बाजूंचा फासा गडगडत येतो आणि नदीवर थांबतो.]

हा नकाशा मी काढला. पहिल्या खेळाला यात डोंगर होते, किल्ला होता आणि किल्ल्यात ड्रॅगन. मित्रांची पात्रं गावात शिरली. एक योद्धा, एक जादूगार, एक चोर. चोर झालेला मित्र साक्रीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. शिरल्या शिरल्या त्याने विचारलं, "गावमा पानी कथाईन येस रे भो?"

गावात पाणी कुठून येतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रॅगनच्या गुहेवर चार पानं लिहिली होती, आणि गावात साधी विहीर नव्हती.

हा खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला, १९७४ साली अमेरिकेत पहिल्यांदा छापलेला. एक जण जग मांडतो, बाकीचे त्यात एकेक माणूस होऊन वावरतात. काम जमेल की फसेल, ते फासा सांगतो. राक्षस, शस्त्रं, मंत्र पुस्तकात तयार मिळतात. गावातली माणसं सकाळी उठून काय करतात, ते मांडणाऱ्याने ठरवायचं.

[दृश्य: पांझरेचं पात्र. दगडी बंधारा, बाजूने निघालेला पाट.]

मित्राने मला दुसऱ्याच आठवड्यात इथे आणलं. ही फड पद्धत. पांझरा, मोसम या नद्यांवर कित्येक शतकं चालत आलेली. नदीला बंधारा घालायचा, पाटाने पाणी काढायचं. भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला म्हणतात थळ, आणि थळाचे तीन-चार भाग, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस असेल तर त्या फडातल्या प्रत्येकाचा ऊस.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाणी कमी पडलं की एखादा फड त्या वर्षी भिजवायचाच नाही. तोटा होतो, पण तो सगळ्यांच्या वाट्याला येतो. उपाशी राहायची पाळी एकट्यावर येत नाही.

मग माणसं. पाणी सोडणारा पाटकरी. पिकाची राखण करणारा जागल्या. त्यांच्यावर हवालदार, आणि वर गावाने निवडलेले पंच. पूर्वी मोबदला धान्यात मिळायचा.

मी घरी आलो आणि नकाशातल्या गावाला बंधारा दिला. तिथून खेळ बदलला. ड्रॅगन बंधाऱ्याच्या वर बसलाय म्हटल्यावर पहिला प्रश्न आला: पाटकरी आता पाट साफ करायला जातो की नाही?

[दृश्य: खेळाचं जाड पुस्तक. बोट किमतींच्या तक्त्यावरून फिरतं.]

पुस्तकातले आकडेही बोलायला लागले. २०१४ च्या आवृत्तीत साध्या मजुराची दिवसाची मजुरी चांदीची २ नाणी. योद्ध्याचं पूर्ण पोलादी चिलखत सोन्याच्या १५०० नाण्यांचं. सोन्याच्या एका नाण्याला चांदीची १०. म्हणजे आमचा योद्धा साडेसात हजार दिवसांची मजुरी अंगावर घालून पारावर बसला होता. वीस वर्षांहून जास्त. त्याला बघून जागल्या काय बोलेल? दुकानदार ज्वारीचा काय भाव सांगेल? तिथे मला लढाईपेक्षा मोठं नाट्य दिसतं.

[दृश्य: श्रावण. कानबाईसमोर दिवा, परातीत रोट.]

देवांचंही तसंच. पुस्तकातले देव वीज पाडतात, जखमा भरतात. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. रात्रभर जागरण, दुसऱ्या दिवशी नदीवर विसर्जन. तिचे रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. आमच्या खेळातल्या गावात मी अशीच एक देवी बसवली. पात्रं दमून, भुकेली, नेमकी त्याच रात्री पोहोचली. घराघरात रोट होते, गाणी चालली होती. एका म्हातारीने त्यांच्यासाठी कळण्याची भाकरी वेगळी थापली, वर मिरचीचा ठेचा. ती पायरीवर बसून खाताना जादूगार झालेली मैत्रीण खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे गाव खरं आहे."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. ते दिवसही नकाशाच्या कडेला लिहिलेत. त्या आठवड्यात गावात मुक्कामाला जागा मिळणार नाही.

[दृश्य: पुन्हा गच्ची. नकाशावर आता पाट, थळ, चार फड. कोपऱ्यात बारीक अक्षरात माणसांची नावं.]

मागच्या शनिवारी ड्रॅगन खाली उतरला नाही. पण जागल्याला ताप भरला, आणि उसाच्या फडात रानडुकरं शिरायला लागली. योद्ध्याने चिलखत काढून म्हातारीच्या ओट्यावर ठेवलं. कंदील आणि काठी घेतली.

"आज राखणीले मी जास," तो म्हणाला, आणि फासा उचलला.