थायरॉइडचा रिपोर्ट आणि गोळीची निवड

थायरॉइडचा रिपोर्ट हाती आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते, आणि मग पुष्कळ जण विचारतात, "डॉक्टर, माझे टी-थ्री कमी आहे, तर टी-थ्रीचीच गोळी का देत नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे.

टी-थ्री आणि टी-फोर ही थायरॉइड ग्रंथीची संप्रेरके. निरोगी ग्रंथी मुख्यतः टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन तयार करते. शरीरातले सुमारे ८० टक्के टी-थ्री यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी त्यापासूनच बनते. ज्यांची ग्रंथी काम करत नाही अशा रुग्णांना केवळ थायरॉक्सिन दिले तरी त्यांच्या शरीरात टी-थ्री तयार होते, हे १९७० साली ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी दाखवले. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-फोरची गोळी, पहिल्या पसंतीचे औषध ठरण्यामागे हे मोठे कारण आहे. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा काळ, सात दिवसांच्या आसपास असल्याने रक्तातली पातळी स्थिर राहते, आणि म्हणूनच डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे, मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक; थायरॉइड कमी पडले की ते वाढते) सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचे असते, पंधरा दिवसांनी नव्हे. लायोथायरोनिन, म्हणजे टी-थ्रीची गोळी, घेतल्यावर मात्र काही तासांत पातळी चढते आणि उतरते. त्यामुळे रक्त कोणत्या वेळी दिले यावर आकडा बदलतो.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकाबाईंचे टीएसएच लेव्होथायरॉक्सिनच्या १०० मायक्रोग्रॅमवरही ९, म्हणजे जास्तच होते, आणि त्या औषध बदलून मागत होत्या. मी दिनक्रम विचारला. सकाळी सहाला गोळी, लगेच दुधाचा चहा आणि त्याच घोटाबरोबर कॅल्शियम! कॅल्शियम रात्री हलवले, चहा तासाभराने घ्यायला सांगितला, गोळी अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर. डोस तोच ठेवला. आठ आठवड्यांनी टीएसएच २.६ आले. औषध बदलण्याआधी ही चौकशी व्हायलाच हवी, असे मी आग्रहाने सांगतो.

पीयूषिका ग्रंथीच बिघडली असेल, उदाहरणार्थ बाळंतपणातील मोठ्या रक्तस्रावानंतर, तर टीएसएच फसवे ठरते. तिथे फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळे असलेले टी-फोर, पाहूनच डोस ठरवावा लागतो.

काहींना टीएसएच महिनोन्‌महिने योग्य असूनही थकवा जाणवतो. रक्तक्षय, बी-बारा, झोप, नैराश्य हे सारे तपासून झाल्यावर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही महिने टी-फोरला थोड्या टी-थ्रीची जोड देऊन पाहता येते. सर्वांना लाभ होतो असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. गरोदरपणात आणि हृदयाचे ठोके अनियमित असताना मी ती देत नाही. गर्भाच्या मेंदूला आईचे टी-फोरच लागते.

आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर ते डॉक्टरांना सांगा व तपासणीआधी किमान दोन दिवस थांबवा; काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटेच कमी दिसते, आणि नीट चाललेला डोस विनाकारण घटवला जातो.