मदत कापली, भाडं तिथंच

एखाद्या भागातल्या चार-पाच जुन्या इमारती एकदम पुनर्विकासाला निघाल्या की आसपासच्या भाड्यांचं काय होतं, हे मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. बिल्डरकडून दरमहा भाड्याचे पैसे मिळणारी शे-दोनशे कुटुंबं एकाच शाळेच्या, एकाच स्टेशनच्या आसपास घर शोधायला लागतात. एजंट आधी विचारतो, ‘बिल्डर किती देतोय?’ आणि मग त्या आकड्याभोवतीच भाडं घुटमळतं. बाहेरून पैसा आला की भाडं चढतं, हे आपल्याला पटलेलं आहे. आजचा प्रश्न उलटा आहे. तो पैसा काढून घेतला तर भाडं उतरतं का? ब्रिटननं 2011 पासून हे प्रत्यक्ष करून पाहिलं, आणि कुणाच्या खिशातून किती गेले याचा हिशोबही तिथं झाला.

आधी व्यवस्था समजून घेऊ. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला सरकार भाड्यासाठी पैसे देतं. फक्त बेरोजगारांना नाही. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्यांनाही. पूर्वी ही रक्कम ‘हाउसिंग बेनिफिट’ या नावानं मिळायची, आता कामाच्या वयातल्या बहुतेकांना ती ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या एकत्रित भत्त्याचा भाग म्हणून मिळते. खासगी घरमालकाकडे राहत असाल, तर या मदतीला एक कमाल मर्यादा असते. तिचं नाव ‘लोकल हाउसिंग अलाउन्स’. एप्रिल 2008 पासून ती देशभर लागू झाली.

ही मर्यादा ठरते कशी? इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड मिळून 192 भाडे-क्षेत्रं पाडलेली आहेत. प्रत्येक क्षेत्रात सरकारी रेंट ऑफिसर घरमालक आणि एजंटांकडून वर्षभरातल्या प्रत्यक्ष भाड्यांची यादी जमवतात. घरांचे पाच प्रकार: सामायिक घरातली एक खोली, मग एक, दोन, तीन आणि चार बेडरूम. किती बेडरूमचा हक्क, तेही नियमानं ठरतं. जोडप्याला एक, दहा वर्षांखालची दोन मुलं, मग ती भाऊ-बहीण असली तरी, एका खोलीत, एकाच लिंगाची दोन मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत एका खोलीत. आता समजा, एका भागातली दोन बेडरूमची शंभर घरं भाड्याच्या चढत्या क्रमानं उभी केली. 2008 मध्ये मर्यादा होती पन्नासाव्या घराचं भाडं. एप्रिल 2011 पासून ती तिसाव्या घराच्या भाड्यावर आणली. पन्नासाव्या घराचं भाडं आठवड्याला 180 पौंड आणि तिसाव्याचं 160 असेल, तर फरक 20 पौंडांचा, म्हणजे वर्षाला हजाराहून जास्त. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. लंडनच्या मध्यभागात फरक याच्या कितीतरी पट पडत होता.

या यादीत एक बारकावा आहे. मदत घेणाऱ्या भाडेकरूंची भाडी तिच्यात धरत नाहीत. नाहीतर सरकारी पैशानं भाडं वाढलं, त्या भाड्यानं मर्यादा वाढली, मर्यादेनं पुन्हा भाडं वाढलं, असं चक्र सुरू झालं असतं. ब्रिटनमध्ये नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या मराठी मंडळींना ही मदत मिळतच नाही, सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अटच व्हिसावर असते. पण ते देत असलेलं भाडं मात्र या यादीत मोजलं जाऊ शकतं. भाड्याच्या घरांसाठीच्या रांगेत कोणकोण उभं आहे, ते पुढं महत्त्वाचं ठरणार आहे.

जून 2010 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी कपात जाहीर केली. तिसाव्या घराचा नियम हा तिचा एक तुकडा. दुसरा तुकडा म्हणजे देशभरासाठी ठोक कमाल: आठवड्याला एका बेडरूमला 250, दोनला 290, तीनला 340 आणि चारला 400 पौंड. पाच बेडरूमचा दर बंद. स्वस्त घर शोधलं तर वाचलेल्या पैशातले आठवड्याला 15 पौंडांपर्यंत भाडेकरूला ठेवता यायचे, तेही बंद. ही शेवटची कपात मला सगळ्यात अनाकलनीय वाटते. भाडेकरूनं घासाघीस करावी म्हणून जे एकमेव आमिष होतं, तेच काढून टाकलं. जानेवारी 2012 मध्ये आणखी एक भर पडली. एकट्या माणसाला फक्त सामायिक घरातल्या खोलीपुरतीच मदत, हा नियम 25 वर्षांखालच्यांना होता, तो 35 वर्षांखालच्यांना लावला.

मंत्र्यांचा युक्तिवाद असा होता: सरकार बाजारातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाइकानं हात आखडला की भाव उतरेल. घरमालकांसाठी गाजरही ठेवलं. मदत एरवी भाडेकरूच्या हातात मिळायची. भाडं मर्यादेच्या आत आणलंत तर कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, पैसे थेट तुमच्या खात्यात टाकेल, असं सांगितलं गेलं.

मग झालं काय? नव्या अर्जदारांना कपात एप्रिल 2011 पासून लागली, जुन्यांना त्यांच्या दाव्याच्या वार्षिक तारखेनंतर नऊ महिन्यांची सूट मिळाली. त्यामुळे एकाच भागातल्या, एकसारख्या घरांतल्या लोकांना कपात वेगवेगळ्या महिन्यांत लागली. अभ्यासकाला याहून चांगली संधी मिळत नाही. सरकारनंच करवून घेतलेल्या मूल्यमापनात ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या स्वतंत्र संशोधन संस्थेच्या अर्थशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष दाव्यांच्या नोंदी तपासल्या. कपातीतला 89 टक्के भार भाडेकरूंवर पडला, 11 टक्के घरमालकांवर. म्हणजे दहा पौंड कापले, तर भाडं साधारण एका पौंडानं उतरलं. उरलेले नऊ भाडेकरूनं स्वतः भरले किंवा तो लहान, स्वस्त, दूरच्या घरात गेला.

यावर एक रास्त आक्षेप येतो. फ्रान्समध्ये गॅब्रिएल फाक यांच्या 2006 च्या अभ्यासात मदतीच्या प्रत्येक वाढीव युरोतले 78 सेंट भाडेवाढीत गेल्याचं दिसलं. खुद्द ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकातल्या कपातीवर गिबन्स आणि मॅनिंग यांनी काम केलं, त्यात 60 ते 66 टक्के भार घरमालकांवर पडल्याचं निघालं. मग 2011 मध्येच गणित का उलटलं?

माझ्या मते उत्तर मदतीच्या रचनेत आहे. 1996 पूर्वी मदत प्रत्यक्ष भाड्याला जोडलेली होती. भाडं वाजवी धरलं गेलं की सरकार जवळजवळ सगळं भरायचं, त्यामुळे भाडेकरूला घासाघीस करायची गरज नव्हती आणि घरमालकाला चार पैसे वर लावायला अडचण नव्हती. अशा भाड्यात चरबी असते आणि कपात झाली की ती आधी झडते. 2008 नंतर दर ठोक झाला, 2011 मध्ये तोही खाली आणला. झडायला फार काही उरलंच नव्हतं.

दुसरं कारण रांगेचं. 2008 च्या आर्थिक संकटानंतर बँकांनी गृहकर्जं आवळली. घर घेताना सुरुवातीला भरायची रक्कम न जमलेली नोकरदार तरुण मंडळी घर घेण्याऐवजी भाड्यानं राहू लागली. 2012-13 पर्यंत इंग्लंडमधल्या खासगी भाडेकरू कुटुंबांची संख्या सामाजिक घरांतल्या, म्हणजे कौन्सिल आणि गृहसंस्थांच्या स्वस्त भाड्याच्या घरांतल्या, कुटुंबांच्याही पुढं गेली. घरमालकाच्या दारात मदतीवरचा भाडेकरू एकटा उभा नव्हता. त्याच्या मागं पगारदार उभा होता. ‘सरकार कमी देतंय, भाडं कमी करा’ असं म्हणणाऱ्याला घरमालक सांगणार, बरं, मग घर सोडा. पुरवठा लवकर वाढत नसेल आणि दुसरं गिऱ्हाईक तयार असेल, तर सरकारच्या हात आखडण्याला बाजार जुमानत नाही.

आता मदतीच्या मर्यादेच्या, म्हणजे दरांच्या, गोठवणुकीकडे वळू. तिची बातमी होत नाही, पण जास्त नुकसान तिनंच केलं. एप्रिल 2013 मध्ये दरांचा भाड्यांशी असलेला धागा तोडून तो सर्वसाधारण महागाई निर्देशांकाला बांधला. पुढची दोन वर्षं बहुतेक दरांत दरवर्षी फक्त 1 टक्का वाढ. एप्रिल 2016 पासून चार वर्षं शून्य. एप्रिल 2020 मध्ये कोविडमुळे दर पुन्हा तिसाव्या घरापाशी आणले आणि तिथंच पुन्हा थिजवले, ते एप्रिल 2024 पर्यंत. 2020 चा दर सप्टेंबर 2019 पर्यंतच्या भाड्यांवर काढलेला होता. म्हणजे मार्च 2024 मध्ये भाडं भरणाऱ्याला साडेचार वर्षांपूर्वीच्या बाजारभावानं मदत मिळत होती, तीही भाडी झपाट्यानं चढत असताना. एप्रिल 2024 च्या दुरुस्तीनं 16 लाख कुटुंबांना वर्षाला सरासरी 800 पौंडांचा फायदा होईल, असा खुद्द सरकारचा अंदाज होता. गोठवणुकीनं किती खाल्लं होतं, याची ही सरकारी पावतीच म्हणायची. एप्रिल 2025 मध्ये दर पुन्हा जागच्या जागी.

भाडं आणि मदत यांच्यातली तूट घरात कशी शिरते ते पाहा. 2025-26 मध्ये पंचविशीपुढच्या एकट्या माणसाला युनिव्हर्सल क्रेडिटचा मूळ भत्ता महिन्याला 400.14 पौंड. खाणं, वीज, गॅस, बसचं तिकीट, सगळं यातून. भाड्यात 100 पौंडांची तूट असेल, तर जगण्याचा चौथा हिस्सा घरमालकाकडे गेला. नव्या दाव्यात पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात, भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला द्यायचं असतं. म्हणून अनेकांची थकबाकी पहिल्याच महिन्यात सुरू होते. आगाऊ रक्कम मागता येते, पण ते कर्ज आहे. पुढच्या हप्त्यांतून ते कापलं जातं आणि तूट आणखी रुंदावते.

तूट दिसली की भाडेकरूनं तपासायच्या गोष्टी मोजक्याच आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. पोस्टकोड टाकून आपल्या क्षेत्राचा दर सरकारी संकेतस्थळावर बघायचा. मग बेडरूमची संख्या बरोबर धरली आहे का ते पाहायचं. मूल दहा किंवा सोळा वर्षांचं झाल्यावर हक्क बदलतो आणि तो बदल आपण कळवावा लागतो. त्यानंतर कुटुंबाच्या एकूण भत्त्यांवरची वेगळी मर्यादा, म्हणजे ‘बेनिफिट कॅप’. लंडनबाहेरच्या कुटुंबाला ती 2023 पासून वर्षाला 22,020 पौंड आहे, म्हणजे महिन्याला 1,835. इथं फसगत होते. 2024 मध्ये भाड्याचा दर वाढला, पण जे कुटुंब या मर्यादेला आधीच टेकलेलं होतं, त्याच्या हातात त्यातला एक पेनीही आला नाही. एका खिडकीतून दिलेलं दुसऱ्या खिडकीतून परत गेलं.

घरमालकाच्या बाजूनंही बघायला हवं, कारण सगळेच काही पिळणारे नसतात. गृहकर्जाचा हप्ता चालू असलेल्या माणसाला थकबाकीची भीती खरी असते. त्यातून जाहिरातींत ‘बेनिफिटवाले नकोत’ अशा पाट्या आल्या. जुलै 2020 मध्ये यॉर्कच्या कौंटी न्यायालयानं अशी सरसकट बंदी समानतेच्या कायद्याविरुद्ध ठरवली. पाट्या गेल्या, त्यांच्या जागी जामीनदाराची अट आली, आणि गरीब माणसाच्या ओळखीत चांगल्या पगाराचा जामीनदार कुठून असणार?

ज्यांना घर सोडावं लागतं ते कौन्सिलच्या दारात येतात. इंग्लंडमध्ये कौन्सिलनं बेघर म्हणून स्वीकारलेल्या कुटुंबांपैकी खासगी भाडेकरार संपल्यानं बेघर झालेली 2009-10 मध्ये 11 टक्के होती, 2016-17 मध्ये 32 टक्के. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं 2017 च्या अहवालात भाडे-मदतीतल्या बदलांचा याला हातभार लागल्याची शक्यता स्पष्ट नोंदवली. कायद्यानं अशा कुटुंबांना तात्पुरतं घर देणं कौन्सिलला भाग आहे. 2010 च्या अखेरीस तात्पुरत्या घरांत सुमारे 48 हजार कुटुंबं होती. 2025 मध्ये ती 1 लाख 30 हजारांच्या पुढं गेली. यातली बरीच घरं खासगी मालकांचीच. वर्षाच्या करारावर देण्याऐवजी कौन्सिलला रात्रीच्या हिशोबानं दिली, तर मालकाला जास्त मिळतात. आणि या घरांसाठी कौन्सिलला केंद्राकडून जी भरपाई मिळते, तिचा दर अनेक वर्षं जानेवारी 2011 च्या भाडे-मर्यादेच्या 90 टक्क्यांवर बांधून ठेवलेला होता. वरचा सगळा खर्च कौन्सिलनं आपल्या तिजोरीतून भरायचा, म्हणजे वाचनालयं, रस्ते आणि वृद्धांची देखभाल यांच्यासाठी राखलेल्या पैशातून.