गुळगुळीत कागदाची रद्दी

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दिवाळीआधी घराला रंग काढायचा होता, म्हणून माळा रिकामा केला. खाली आली ती सगळी फोटोग्राफीची मासिकं. रद्दीवाल्याला बोलावलं. त्याने एक अंक उघडला, पान बोटांत चोळलं आणि म्हणाला, "काका, पेपर असता तर भाव दिला असता. हा गुळगुळीत माल. याच्या पुड्यासुद्धा होत नाहीत." माझ्या पंचवीस वर्षांचा निकाल त्याने एका दमात लावला. मी काही विकलं नाही. बायको म्हणाली, "मग निदान त्यावर व्याख्यान तरी द्या." तर हे ते व्याख्यान.

मी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होतो. महिन्यातून एकदा, पगार झाला की, मुंबईला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जायचं. तिथे 'पॉप्युलर फोटोग्राफी'चे अमेरिकन अंक मिळायचे, चार-सहा महिने शिळे. मागची कितीतरी पानं न्यूयॉर्कच्या कॅमेरा दुकानांच्या जाहिरातींची, मुंगीच्या अक्षरात. त्या आम्ही पंचांगासारख्या वाचायचो. डॉलरला तेव्हा सतरा रुपये. लेन्सची किंमत गुणिले सतरा, वर कस्टम ड्युटी, मग पान मिटायचं आणि आपला मागून घेतलेला रशियन झेनिट कॅमेरा पुसत बसायचं. पुढे १९९७मध्ये मुंबईतूनच 'बेटर फोटोग्राफी' निघालं. मग रुपयांतल्या किमती बघून पान मिटायला लागलो.

फोटोंखाली बारीक ओळ असायची. कॅमेरा, लेन्स, शटर (सेकंदाचा कितवा भाग उघडं राहिलं), ॲपर्चर (लेन्सचं भोक केवढं होतं), फिल्म. आम्ही ती पाठ करायचो, मनाच्या श्लोकांसारखी. आज कबुली देतो. त्यातल्या निदान एका ओळीत लिहिलेलं खोटं होतं, कारण ती मी लिहिली होती.

झालं असं. नव्वदीच्या दशकात मी भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूने खाडीतले फ्लेमिंगो टिपले. त्या खाडीचं अभयारण्य व्हायला २०१५ उजाडलं, मी जायचो तेव्हा तिथे माणसांपेक्षा डास जास्त होते. ३०० मिलिमीटरची लांब लेन्स मित्राची, चिखल माझा. एका मासिकाने फोटो निवडला आणि माहितीचा तक्ता पाठवला. शटर किती, ॲपर्चर किती? कोणाला आठवतंय! फिल्म शंभर आयएसओची. लख्ख ऊन असेल तर 'सनी सिक्स्टीन', म्हणजे उन्हात ॲपर्चर एफ/१६ आणि शटर साधारण फिल्मच्या आकड्याएवढं, या हिशेबाने १/१२५ ला एफ/१६. त्या दिवशी ढग होते, म्हणजे ॲपर्चर दोन स्टॉप, म्हणजे दोन पायऱ्या, जास्त उघडलं असणार. लिहून टाकलं, १/१२५, एफ/८. दोन अंकांनंतर सोलापूरच्या एका वाचकाचं पत्र छापून आलं. "३००ची लेन्स, शटर १/१२५, आणि फोटो एवढा स्पष्ट? तर मग ट्रायपॉड कोणता, तेही छापावं." बरोबर होतं त्यांचं. तेवढी लांब लेन्स हातात धरायची तर हात हलून फोटो पुसट होऊ नये म्हणून शटर १/३००च्या आसपास तरी हवं. ट्रायपॉड नव्हताच. कोपर बंधाऱ्याच्या भिंतीवर टेकवलं होतं, आणि शटर देव जाणे. मी त्यांना आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

आज प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेरा स्वतः खरी नोंद करून ठेवतो. पण सोलापूरचा तो माणूस मला परत भेटलेला नाही. मासिकातून माहिती मिळायची हे खरं, पण माहिती आता मोबाइलवर जास्त आणि जास्त खरी मिळते, त्याचं दुःख कशाला करायचं? मला आठवण येते ती अनोळखी माणसाने आपल्या फोटोसमोर दहा मिनिटं बसण्याची.

संपादकही तसेच. निवडलेल्या फोटोआधी माझे नाकारलेले पुष्कळ. पाकिटातून स्लाइड, म्हणजे फिल्मवरचे पारदर्शक रंगीत फोटो, परत यायच्या, सोबत चिठ्ठी. एका चिठ्ठीत फक्त "क्षितिज!" एवढंच. मी ठाण्यातला मासुंद्याचा तलाव तिरका काढला होता. तेव्हापासून त्याच्या काठी, तलावपाळीवर गेलो की आधी पाण्याची रेघ बघतो. सगळंच सोन्याचं होतं असं मात्र समजू नका. ती छापली गेलेली फ्लेमिंगोची स्लाइड परत आली तेव्हा तिच्यावर आरपार ओरखडा होता. विचारलं, तर म्हणाले टपालात झालं असेल.

आणि छपाई? भिंग लावून पाहिलं तर माझे फ्लेमिंगो गुलाबी नव्हतेच. गुलाबी म्हणून शाई नसते. पांढऱ्या कागदावर मॅजेंटा या जांभळट लाल शाईचे विरळ ठिपके, मध्येच पिवळा. एका पक्ष्याच्या चोचीला निळी किनार आली होती, कारण रजिस्टर, म्हणजे एका शाईवर दुसरी नेमकी बसवण्याची जुळणी, केसभर सरकलं होतं. स्लाइडमधून उजेड आरपार येतो, कागद तो नुसता परत देतो, त्यामुळे छापलेला रंग कांद्याच्या सालीसारखा उतरला. तरी तो अंक मी आठवडाभर ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत घेऊन फिरलो.

मासिकं का गेली, याला फार खोल जायला नको. ती जाहिरातींवर जगायची. २०१०मध्ये जपानी कंपन्यांचे सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०१९मध्ये जेमतेम दीड कोटी. बाकीचे मोबाइलने खाल्ले. कॅमेरेच खपेनात तर जाहिरात कोण देणार? १९३७मध्ये निघालेल्या 'पॉप्युलर फोटोग्राफी'ची छपाई २०१७मध्ये थांबली. आपल्या मुंबईतली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाही १९३७चीच, तिचं बरं चाललंय. आणि मोबाइल नव्हता तेव्हाही मासिकं बंद पडायचीच. अमेरिकन फोटोग्राफर स्टिगलिट्झचं मासिक 'कॅमेरा वर्क' १९१७मध्ये बंद झालं तेव्हा वर्गणीदार चाळीसही उरले नव्हते. आज त्याची पानं लिलावात विकली जातात. माझ्या रद्दीवाल्याला हे सांगितलं नाही.

आता शेवटचं. २६ जुलै २००५. आम्ही वंदना टॉकीजजवळ तळमजल्याला राहायचो, पाणी पलंगाच्या वर. आर्ट पेपरला चिकणमातीचा लेप असतो, त्यानेच तो गुळगुळीत होतो. भिजला की त्याच लेपाचा डिंक होतो. वर्तमानपत्रं वाळली की पानं सुटली. माळ्यावर नव्हती त्या मासिकांच्या विटा झाल्या. वाफ देऊन पाहिली, सुरी घालून पाहिली, सगळ्या फेकल्या. ही एक ठेवली. टेबलावर आहे, येऊन हातात घ्या, जड आहे. पाच अंक आहेत एकात. मघाशी एक ताई विचारत होत्या की तो फ्लेमिंगोचा फोटो बघायला मिळेल का. यातच आहे, वरून साधारण दोन बोटं खाली.