शरभ : दरवाजावरचं जनावर

(समुद्र. शिडाची होडी. समोर जंजिऱ्याचा तट.)

राजपुरीहून निघालेली होडी तटाला भिडायला येते, तरी दरवाजा काही दिसत नाही. मग होडी वळते आणि दोन बुरुजांच्या आडून तो एकदम समोर येतो. लोक चपला आणि मोबाइल सांभाळत पायऱ्यांवर उतरतात. सगळ्यांचं लक्ष पायांखाली असतं, आणि ते बरोबरच आहे, शेवाळं फार. पण वर एक जनावर आहे.

(शिल्प, जवळून.)

धड सिंहाचं. चार पंजे, प्रत्येक पंजात एक हत्ती. पाचवा जबड्यात. सहावा शेपटीच्या वेढ्यात. हत्ती केवढे आहेत बघा, मांजरानं उंदीर धरावेत तेवढे! शिल्पकाराचं माप चुकलेलं नाही. जनावर केवढं थोरलं, हे त्यानं हत्ती लहान करून सांगितलंय.

हा शरभ.

(कॅमेरा पंजावरून शेपटीकडे.)

पोथीतला शरभ याहून अचाट. महाभारतात त्याला आठ पाय आहेत आणि तो सिंहाची शिकार करतो. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला त्याची गोष्ट सांगतात. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा होता. बिबट्या अंगावर आला, तेव्हा ऋषीनं कुत्र्याला बिबट्या केलं. वाघ आला, तेव्हा वाघ केलं. मग माजलेला हत्ती आला, मग सिंह आला. दर वेळी कुत्र्याची बढती. शेवटी खुद्द शरभ आला. ऋषीनं कुत्र्यालाही शरभ करून टाकलं. आता त्याच्या वरचढ रानात कोणी उरलंच नाही. रान ओस पडलं, तशी याची नजर ऋषीवरच गेली. ऋषीनं ओळखलं आणि म्हणाला, हो परत कुत्रा. झाला!

पुराणांत तर तो शिवाचंच रूप होतो, अर्धा सिंह, अर्धा पक्षी. हिरण्यकशिपूला फाडल्यावरही नृसिंहाचा राग शमेना, म्हणून शिवानं हे रूप घेतलं. वैष्णवांना हे कसं पटावं? त्यांच्या कथेत नृसिंह दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी होतो आणि शरभालाच भारी पडतो. तो गंडभेरुंड आजही कर्नाटकाच्या राजमुद्रेवर आहे.

गडांवर येईतो आठाचे चार पाय झाले. कमानीच्या कोपऱ्यात आठ पाय मावणार कुठे, हा आमचा आपला तर्क.

(रायगड. धुकं. नगारखान्याची कमान.)

आता हे बघा. १६७४ साली राज्याभिषेक झाला, ती राजसभा या कमानीच्या आत. आणि कमानीवर कोण? तोच. पंजात हत्ती धरलेला.

जंजिऱ्याचा सिद्दी आणि रायगडचे छत्रपती, उभा दावा. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर मोहिमा काढल्या, पुढे संभाजी महाराजांनी समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली. जंजिरा हाती आला नाही. पण दोघांच्याही दारावर राखणीला जनावर एकच. दख्खनेत सत्ता कोणाचीही असो, दरवाजाला शरभ लागायचाच.

मग हत्ती म्हणजे कोण? जंजिऱ्यावर गाइड शत्रूंची एक यादी सांगतो, रायगडावर दुसरी. दगडावर नाव एकाचंही नाही.

(एका बुरुजाशेजारचा दरवाजा. शिल्पावर रंगाचा थर.)

काही ठिकाणी शरभावर ऑइलपेंट चढलाय, काही ठिकाणी खिळ्यानं कोरलेली नावं. नख कुठलं आणि सोंड कुठली, ते आता कळत नाही.

(पुन्हा जंजिरा. संध्याकाळ.)

शेवटची होडी सुटते आहे. ऊन तिरपं झालं की शेपटीतला हत्ती सगळ्यात ठळक दिसतो. थोडा वेळच.