गल्लीतली लढाई: ‘एंजल’चा शेवटचा सीझन

(दृश्य: रात्रीचं लॉस एंजेलिस, आकाशातून)

फेब्रुवारी 2004. ‘एंजल’ या रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरवरच्या अमेरिकी मालिकेचा शंभरावा भाग नुकताच दाखवून झाला होता. आणि त्याच महिन्यात ‘द डब्ल्यूबी’ वाहिनीनं जाहीर केलं, की चालू असलेला पाचवा सीझन हाच शेवटचा. पुढच्या सीझनचं काय ते लवकर सांगा, असा आग्रह मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन यानंच धरला होता. आपल्या माणसांना वेळेत दुसरं काम शोधता यावं, एवढाच त्याचा हेतू. उत्तर लवकर आलं, पण नकाराचं.

चाहते गप्प बसले नाहीत. पत्रं गेली, मनोरंजन-व्यवसायाच्या नियतकालिकांत जाहिराती दिल्या गेल्या, फलक लावलेले ट्रक रस्त्यावरून फिरले. या मालिकेला शोभतील अशी रक्तदान शिबिरंही झाली. निर्णय मात्र बदलला नाही.

(दृश्य: काचेच्या इमारती, कार्यालयांतले दिवे)

एंजल हा दोनशे वर्षांहून जुना व्हॅम्पायर. शापामुळे त्याला आत्मा परत मिळालेला, आणि त्याबरोबर आपण घेतलेल्या सगळ्या बळींची आठवणही. डेव्हिड बोरियानाझनं ही भूमिका केली. चार सीझन तो ‘वुल्फ्रम अँड हार्ट’ या सैतानी वकिली कंपनीशी झुंजला. पाचव्यात त्याच कंपनीची लॉस एंजेलिस शाखा त्याच्या ताब्यात येते. शत्रूच्या खुर्चीत बसून चांगलं काम करता येतं का? हा प्रश्न या सीझनभर त्याचा पिच्छा सोडत नाही.

मग एंजलच्या गटातली शास्त्रज्ञ फ्रेड जाते. प्रयोगशाळेत आलेल्या एका प्राचीन शवपेटीतून तिच्या शरीरात काहीतरी शिरतं, ती गटातल्याच, तिच्यावर प्रेम करणाऱ्या वेस्लीच्या मिठीत मरते, आणि तिच्याच देहात इलिरिया नावाची आदिम शक्ती उभी राहते. एमी ॲकरनं या दोन्ही भूमिका केल्या. चेहरा तोच, पण मान वळवण्याची ढब, आवाज, नजर सगळं परकं. अभिनय म्हणून पाहायचं तर या सीझनची सर्वात मोठी कमाई मला हीच वाटते.

(दृश्य: पाऊस, ओली गल्ली)

शेवटचा भाग 19 मे 2004 रोजी प्रसारित झाला. दुष्टांच्या एका गुप्त मंडळावर एकाच रात्री घाव घालायचा बेत ठरतो. त्याआधीचा दिवस ज्यानं त्यानं हवा तसा घालवायचा. इलिरिया वेस्लीला विचारते, फ्रेडचं रूप घेऊ का? तो नको म्हणतो. आज मरायचा त्याचा बेत नाही, म्हणून खोटं चालणार नाही. रात्री पोटात सुरा खुपसलेला वेस्ली तिच्या मांडीवर असतो. ती पुन्हा विचारते. या वेळी तो हो म्हणतो.

एंजलचा आणखी एक साथीदार गन मात्र त्या दिवशी बेघर मुलांच्या निवाऱ्यात जातो. तिथं निवारा चालवणारी ॲन ट्रकमध्ये सामान भरत असते. यातल्या कशानंच काही बदलणार नाही असं कळलं तर काय करशील, असं तो विचारतो. तिचं उत्तर साधं: नवं सामान यायच्या आत हा ट्रक भरून टाकेन. आणि ती त्याला हात लावायला सांगते. तोही खोकी उचलू लागतो.

या सगळ्याआधीच एंजलला आपली सर्वात मोठी आशा सोडावी लागलेली असते. आत्मा असलेला व्हॅम्पायर एक दिवस माणूस होईल, अशी भविष्यवाणी असते. मंडळाचा विश्वास बसावा म्हणून तो त्यावरचा हक्क सही करून सोडून देतो. शेवटी पावसातल्या गल्लीत चौघं उरतात: एंजल, त्याच्यासारखाच व्हॅम्पायर असलेला स्पाइक, इलिरिया आणि जखमांनी मरणाच्या दारात पोचलेला गन. समोर राक्षसांची फौज, डोक्यावर ड्रॅगन. एंजल तलवार उचलतो आणि भाग संपतो.

अनेकांना हा शेवट अर्धवट वाटला. मला नाही. बक्षिसावर आधीच पाणी सोडलेल्या माणसाची गोष्ट जिंकण्या-हरण्यावर का थांबवायची? 2007 पासून कॉमिक्समध्ये कथा पुढे गेली, तीही वाचण्याजोगी आहे. पण टीव्हीवरची गोष्ट त्या गल्लीतच थांबली, हे योग्यच झालं.