कोबी चिरला की आत काय होतं?

चॉपिंग बोर्डवर कोबीचा गड्डा, सुरी खाली येते, करकर आवाज होतो आणि लगेच तो उग्र वास सुटतो, तोच, ज्याने बरेच जण नाक मुरडतात. आजची सगळी स्टोरी त्या वासाच्या मागचीच आहे.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरी, सगळे एकाच कुळातले, फुलाला चार पाकळ्या क्रॉससारख्या, म्हणून क्रुसिफेरस. आता झाडाला काही पळून जाता येत नाही, मग त्याने बंदोबस्त काय केलाय, तर पानात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्यात, एकीकडे ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकवाली द्रव्यं आणि दुसरीकडे मायरोसिनेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन. अळीने कुरतडलं किंवा आपण चिरलं की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि झणझणीत माल तयार होतो. मोहरीचा झणका म्हणजे तोच. थोडक्यात, अळीला हाकलायचं हत्यार आपण चवीने खातो!

ब्रोकोलीत यातून बनतं सल्फोराफेन. 1992 मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शास्त्रज्ञ पॉल टॅलले यांच्या टीमने ते ब्रोकोलीतून वेगळं काढलं. गंमत अशी की ते थेट विषारी द्रव्यांशी भांडत बसत नाही, ते आपल्या पेशीला नुसतं डिवचतं, मग एनआरएफ-2 नावाचं प्रोटीन, जे एरवी बांधून ठेवलेलं असतं, ते सुटतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि सफाईवाली एन्झाइम्स बनवायची ऑर्डर देतं, आणि डीएनएला धक्का लावू शकणारी द्रव्यं ही एन्झाइम्स निकामी करून लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतात. पुढे 1997 मध्ये याच टीमला दिसलं की ब्रोकोलीच्या 3 दिवसांच्या कोंबांत सल्फोराफेनचा कच्चा माल मोठ्या गड्ड्यापेक्षा 10 ते 100 पट असतो.

हे माणसात चालतं का? चीनच्या चिडाँगमध्ये, जिथे हवा चांगलीच प्रदूषित, 291 जणांवर 12 आठवड्यांची ट्रायल झाली. ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय घेणाऱ्यांच्या शरीरातून बेंझीन, म्हणजे प्रदूषित हवेतलं कॅन्सरकारक द्रव्य, ते न घेणाऱ्यांपेक्षा 61 टक्के जास्त बाहेर पडलं. भारी आहे, पण थांबा, बेंझीन बाहेर पडणं वेगळं आणि कॅन्सर टळणं वेगळं, आणि लोकांच्या खाण्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या अभ्यासांत कुठे फायदा दिसतो, कुठे काहीच नाही. त्यामुळे "ब्रोकोली खा, कॅन्सर पळवा" टाइपचे फॉरवर्ड आले की सरळ डिलीट करा.

आता किचनमध्ये. आपण भाजी खदखदा उकळतो, एन्झाइम उष्णतेने मरतं, ग्लुकोसिनोलेट पाण्यात उतरतात आणि ते पाणी आपण सिंकमध्ये ओततो, म्हणजे झालं की कल्याण! त्यापेक्षा चिरून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, मग थोडीशी वाफवा, तोवर सल्फोराफेन बनून गेलेलं असतं. आणि घाई असेल, भाजी आधीच शिजली असेल, तर वरून चिमूटभर कच्ची मोहरीपूड भुरभुरा, तिच्यातलं मायरोसिनेज जिवंत असतं, ते उरलेलं काम ताटातच उरकतं.