निंबोळी जूनमध्ये पडते

मित्रहो, आणि समोर बसलेल्या शेतकरी भगिनींनो,

निंबोळी जूनमध्ये पडते. ती वेचायची, गर काढून धुवायची, सावलीत वाळवून ठेवायची. पुढे कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले की 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजत घालायची, फडक्यातून गाळून 100 लिटर पाणी करायचं आणि संध्याकाळी फवारायचं, कारण तिच्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीला रोखणारं द्रव्य, उन्हात टिकत नाही. हे सगळं मी कितीतरी वर्षं फेब्रुवारीत शिकवलं. सभागृहात, पडद्यावर. मार्चअखेर निधी खर्ची पडायचा असतो, म्हणून. लोक वहीत उतरवून घ्यायचे, प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे, आणि जूनमध्ये निंबोळ्या झाडाखालीच कुजायच्या. एकदा एका ताईंनी विचारलं, "सर, वाळली हे ओळखायचं कसं?" निंबोळी हातात असती तर फोडून दाखवली असती.

त्या दिवसापासून मी एकच मागणी धरून बसलो आहे. सेंद्रिय शेतीचं प्रशिक्षण नांगरटीपासून मळणीपर्यंत अख्खा हंगाम चालावं, आणि शेतात चालावं.

रासायनिक औषधाचं प्रमाण डब्यावर छापून येतं. कंपोस्टच्या ढिगावर काही छापलेलं नसतं. त्यात लोखंडी सळई खुपसायची, थोड्या वेळाने ओढून काढायची. चटका बसला तर ढीग कामाला लागलाय. मूठभर खत दाबलं तर बोटांतून थेंब-दोन थेंब यावेत, धार लागली तर पाणी जास्त झालं. ही समज हातात उतरायला तोच ढीग चार-सहा वेळा चाळवावा लागतो.

बायोडायनॅमिक शेतीत, म्हणजे अख्ख्या शेताला एक सजीव मानणाऱ्या सेंद्रिय पद्धतीत, तर पंचांगच लांब. दुभत्या गाईचं शेण शिंगात भरून घटस्थापनेच्या सुमारास पुरायचं आणि पाडव्याच्या आसपास उकरायचं. मग एकरी 25-30 ग्रॅम शिंगखत साधारण 15 लिटर पाण्यात तासभर ढवळायचं. एका दिशेने भोवरा पडला की हात फिरवून उलट दिशेने. दोन दिवसांच्या शिबिरात यातलं काय दाखवणार?

शिंगखताचा गुण किती, यावर शास्त्रज्ञांचे रास्त आक्षेप आहेत. ते दडवून शिकवू नये. शिकणाऱ्याने चार ओळी न फवारता सोडाव्यात आणि फरक स्वतः मोजावा. ही शेती जन्मली तीही अशाच वातावरणात. जून 1924 मध्ये, आज पोलंडमध्ये असलेल्या कोबरविट्झ गावी ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी 8 व्याख्यानं दिली, आणि तिथेच शेतकऱ्यांचं एक प्रयोग-मंडळ उभं राहिलं, सांगितलेलं आपापल्या रानात पडताळून पाहण्यासाठी. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांचा प्रयोग परिवार, म्हणजे प्रयोग करून एकमेकांकडून शिकणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं, आणि त्यात शिकलेले तासगावचे द्राक्षबागायतदार आठवा. प्रत्येक जण विद्यार्थी, आणि आपल्या बागेपुरता संशोधकही.

शेतीशाळा आपल्याकडे आहेच. तिचं मूळ 1989 च्या इंडोनेशियातलं, भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या संकटातलं. दर आठवड्याला शेतकरी बांधावर जमायचे, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, चित्र काढायचे, आणि फवारणी करायची की नाही हे आपसांत ठरवायचे. तोच साचा घ्या, फक्त त्यात गोठा, खताचा खड्डा आणि बियाण्याची निवड आणा.

शिकवणार कोण? माझ्या मते शेतकरीच, आणि त्यांना व्याख्यात्याइतकंच मानधन द्या. नुसता नारळ आणि शाल देऊन चालणार नाही. ज्या दिवशी ते शिकवतात त्या दिवशी त्यांचं खुरपणीचं काम अडतं. नेदरलँड्समधल्या वार्मोंडरहोफ या बायोडायनॅमिक शेतीच्या शाळेत आवारातल्या शेतांवर शेतकरी स्वतःच्या जबाबदारीवर शेती चालवतात आणि मुलं त्यांच्या हाताखाली शिकतात. तिथे पीक बुडालं तर ते खरोखर बुडतं, आणि मुलांना ते दिसतं.

आणखी एक गोष्ट, पैशांची. हंगामी पिकांना सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी पेरणीआधी 2 वर्षं रूपांतरात, म्हणजे रासायनिक सोडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात, काढावी लागतात. त्या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. शिकाऊ शेतकरी नेमका याच काळात शेती सोडून शहराच्या कंपनीत जातो. म्हणून विद्यावेतन वर्गाच्या दिवसांपुरतं नको, ती दोन वर्षं पुरेल असं हवं. येत्या जूनमध्ये आमच्या गटाची पहिली तुकडी सुरू होतेय. पहिला तास कडुनिंबाखाली आहे, सकाळी 7 वाजता. येताना टोपली आणा.